मूर्ख जमीनदार

लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एकजण येशूला गाठतो. भाऊ वडिलार्जित मालमत्तेत वाटा देत नाही, त्याला जरा समज द्या, एवढीच त्याची मागणी. वसईच्या चर्चमध्ये हा उतारा वाचला जातो तेव्हा काही माणसं छताकडे बघू लागतात. सातबाऱ्यावरून बोलणं तुटलेले भाऊ आमच्याकडे एकाच मिस्सेला येतात, फक्त वेगळ्या दारांनी.

येशू वाटणी करून देत नाही. तो एका जमीनदाराची गोष्ट सांगतो. पीक उदंड आलं, कोठारं अपुरी पडली. ती पाडून मोठी बांधू आणि पुढची कित्येक वर्षं खाऊनपिऊन मजेत राहू, असा बेत त्याने केला. त्याच रात्री देवाने त्याचा जीव मागितला.

या माणसाचा गुन्हा काय, हे मला बरेच दिवस उमगत नव्हतं. तो चोर नाही, मजुरी बुडवल्याचा उल्लेख नाही. धान्य साठवणं तर शहाणपणच. उत्पत्तीच्या पुस्तकातला योसेफ मिसरात सात वर्षं तेच करतो आणि नावाजला जातो. पण त्याची कोठारं दुष्काळात उघडली. (फुकट नव्हे, विकत, तरी उघडली.) या जमीनदाराच्या बेतात दुसरं माणूसच नाही. बायको, गडी, शेजारी, कुणीच नाही. सल्लाही तो स्वतःलाच विचारतो. देव त्याला पापी म्हणत नाही, मूर्ख म्हणतो.

उपदेशकाचं पुस्तक याहून कडू आहे. आपण घाम गाळून मिळवलेलं शहाण्याच्या हाती जाईल की मूर्खाच्या, या विचाराने तो आपल्या श्रमांवरच वैतागतो. 1990 साली वसईचं नियोजन सिडकोकडे गेलं, त्यानंतरचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना हा वैताग नवा नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती रस्त्यावर उतरली, ती बाहेरच्या बिल्डरांविरुद्ध. पण केळीची वाडी विकणारा घरातलाच असायचा. बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, बुजवलं की आजूबाजूच्या विहिरींचंही पाणी जातं, हे त्याला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल?

म्हणून संपत्तीच वाईट, असं प्रवचनात कुणी सांगितलं की मला अरिमथाईकर योसेफ आठवतो. तोही श्रीमंत. खडकात स्वतःसाठी खोदून घेतलेली कोरी कबर त्याने वधस्तंभावरून उतरवलेल्या येशूला दिली. मरणाची तजवीज करून ठेवण्याइतका तो व्यवहारी होता, आणि ती तजवीज दुसऱ्याला देऊन टाकण्याइतका मोकळा. येशू तिसऱ्या दिवशी पुन्हा उठेल, याची खात्री त्या संध्याकाळी कुणालाच नव्हती. त्याच्या हिशेबाने तो निव्वळ तोट्याचा सौदा होता.