न दिसणारा प्रकाश

दिवाळीच्या सुटीत मी बाबांकडे कोलकात्याला गेलो होतो. त्यांची नेमणूक तेव्हा फोर्ट विल्यममध्ये होती. एका संध्याकाळी मैदान ओलांडून आम्ही एस्प्लनेडला फिरायला गेलो. फुटपाथवर हिरव्या लेझरचे पेन विकायला होते. मी हट्टाने एक घेतले. त्याचा उजेड अगदी मंद होता, म्हणून धाकट्या भावाने ते गंमतीने डोळ्याकडे वळवले. बाबांनी झटकन त्याचा हात धरला.

"एवढासा तर उजेड आहे, बाबा," मी म्हणालो.

"चल, दाखवतो."

जवळच्या मेट्रो गल्लीत कॅमेऱ्यांची दुकाने आहेत. बाबांच्या ओळखीच्या दुकानदाराकडे एक जुना कॅमेरा होता. त्यातला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढून टाकलेला होता. भिंगावर त्यांनी ७२० नॅनोमीटरचा फिल्टर चढवला. ही काच डोळ्यांना जवळजवळ काळी दिसते. ती हिरवा प्रकाश अडवते आणि इन्फ्रारेड सोडते. बाबांनी लेझर भिंतीवर मारला. हिरवा ठिपका पडद्यावरून नाहीसा व्हायला हवा होता. तिथे लख्ख पांढरा ठिपका होता!

या पेनात ८०८ नॅनोमीटरच्या इन्फ्रारेडपासून आधी १०६४ आणि मग ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश तयार होतो. उरलेले इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर स्वस्त पेनात कधी कधी बसवतच नाहीत. २०१० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेला अशाच एका मंद पेनातून सुमारे २० मिलिवॉट इन्फ्रारेड बाहेर पडताना आढळले. झगझगीत उजेडात पापणी आपोआप मिटते. इन्फ्रारेड दिसतच नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही आणि दृष्टिपटल भाजते.

परतताना बाबा नाइट व्हिजनबद्दल बोलले. त्या दुर्बिणी साधारण ९०० नॅनोमीटरपर्यंत पाहतात, म्हणून नेम धरण्याचे लेझर बहुधा ८३० ते ८५० नॅनोमीटरचे असतात. भिंगापुढे तेवढाच पट्टा सोडणारा फिल्टर लावला, की रस्त्यावरच्या दिव्यांची झळाळी कमी होते आणि लेझर उठून दिसतो.

"पण लक्षात ठेव," ते म्हणाले, "फिल्टर तुझ्या दुर्बिणीपुढे असतो. समोरच्या साथीदाराच्या डोळ्यांपुढे काहीच नसते."

मला एनडीएत जायचे आहे. तिथे डोळ्यांची तपासणी कडक असते. त्या रात्री मात्र मला माझ्या नव्हे, भावाच्या डोळ्यांची आठवण येत राहिली. मित्रांनो, तुमच्या कपाटात असे पेन असेल, तर ते कोणाच्याही चेहऱ्याकडे वळवू नका, ते कितीही मंद दिसो.