उटीच्या पावसाळी थंडीची तयारी

मुलुंड-बोरिवलीच्या घरांत थंडीचे कपडे म्हणजे बहुधा एक शाल आणि माकडटोपी. डिसेंबरात उटीला निघालेल्या ज्येष्ठांचे तेवढ्यावर भागत नाही. आपली छत्री माळ्यावर गेलेली असते, तेव्हा निलगिरीत ईशान्य मोसमी पाऊस चालू असतो. मेट्टुपाळयमहून निघालेली छोटी रेल्वे सुमारे 46 किलोमीटरांत 2,200 मीटरांवर चढते. म्हणून लोकरी कपडे आणि औषधे हातपिशवीतच हवीत.

भिजलेले सुती कापड अंगाची ऊब ओढून घेते. लोकर ओली झाली तरी ती थोडीफार राखते. तेव्हा अंगालगत थर्मल, वर स्वेटर आणि त्यावर पाणी न शिरणारे जाकीट असावे. जाकिटाला टोपी असली की कठड्यासाठी हात मोकळा राहतो. साडीचा ओला काठ पायांना चिकटतो, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आजींनी आत लोकरी लेगिंग घालावी, मोज्यांचे दोन जादा जोड घ्यावेत.

उतारवयात थंडी उशिरा जाणवते. ‘मला नाही वाजत’ यावर विसंबू नये. पाठीला, पोटाला हात लावून पाहावे. ते गार लागले, बोलणे अडखळू लागले किंवा विलक्षण पेंग आली, तर ओले कपडे उतरवून, कोरड्या पांघरुणात गुंडाळून ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.