बकध्यान

नट-नर्तकांच्या संथ हालचालीच्या सरावात पहिला घाम फुटतो तो साध्या चालण्याला. नेहमीचं चालणं म्हणजे पुढे पडत जाणं आणि वेळेत दुसरा पाय टाकून सावरणं. अर्धं काम वेगच परस्पर उरकतो. एका पावलाला अर्धं मिनिट दिलं की ही मदत बंद होते. पाय उचलला आहे, अजून टेकलेला नाही, तेवढा वेळ सगळा भार दुसऱ्या पायावर. कुल्ह्याच्या बाजूचा स्नायू थरथरतो, घोटा डुगडुगतो, बोटं जमीन पकडू पाहतात आणि श्वास नकळत कोंडला जातो. हात हळू उचलायला सांगितला तर तोही सलग जात नाही, बारीक हिसके खात वर चढतो. घाईत हे सगळं झाकलेलं असतं.

आदिलाबादला खेटून असलेल्या मावल्यात हा धडा फुकट बघायला मिळतो. जवळून नागपूर-हैदराबाद महामार्गाचे ट्रक धावत असतात आणि तलावाच्या उथळ पाण्यात बगळा चालत असतो. तो पाय वर घेतो तशी बोटं मिटतात. पाय पुढे जाऊन पाण्यात शिरतो तशी पुन्हा उघडतात. पाण्यावर वर्तुळ उठत नाही. मराठीनं या पक्ष्याला ‘बकध्यान’ हा शब्द चिकटवून ढोंग्यांच्या पंगतीला बसवलं, हा त्याच्यावर उघड अन्याय आहे. त्याला मासा हवा असतो. ध्यानाचा आव माणसानं त्याच्या नावावर टाकला. संथ हालचालीला अशीच भूक लागते. मनात काही नसताना केलेली सावकाशी म्हणजे सिनेमातलं स्लो मोशन. ते कॅमेऱ्यानं करावं, नटानं त्या वाटेला जाऊ नये.

नाट्यशास्त्रात चालींचा एक स्वतंत्र अध्याय आहे. उत्तम पात्राच्या पावलाला चार कला, मध्यमाच्या दोन, अधमाच्या एक, असं काळाचं माप तिथं दिलेलं आहे. राजा सावकाश चालतो, चाकर धावतो. कोणत्याही कचेरीत साहेब आणि शिपाई हा नियम अजून पाळताना दिसतात.

मराठी मुलखात हा सराव अनेकांच्या अंगात उतरला तो कथकच्या ठाटातून. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे शिकलेल्या रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती सुरू केली आणि तिथून कथक शिकलेल्यांच्या पिढ्या बाहेर पडल्या. विलंबित तीनतालात मिनिटाला ३० मात्रा धरल्या तर १६ मात्रांचं एक आवर्तन ३२ सेकंदांचं होतं. ठाटात तेवढ्या वेळात करायचं काय, तर उभं राहायचं. मनगट किंचित वळतं, मान जराशी सरकते, भुवई हलते आणि समेवर सगळं येऊन थांबतं. नवख्या विद्यार्थिनीला दम निघत नाही. ती बाराव्या मात्रेलाच पोचते आणि उरलेल्या चार मात्रा ओशाळून उभी राहते. स्पर्धांच्या मोजक्या मिनिटांत पहिली कात्री या ठाटालाच लागते. तुकडे आणि चक्करं शाबूत राहतात, कारण टाळ्या तिथं पडतात.

जपानच्या नोहमध्ये टाच न उचलता पाऊल जमिनीवरून सरकवत चालतात. त्याच देशाच्या ओता शोगो यांचं ‘द वॉटर स्टेशन’ हे शब्दाविना चालणारं नाटक १९८१ सालचं. मंचावर एक मोडका नळ, त्यातून बारीक धार. वाटसरू अतिसंथ चालीनं येतात, पाणी पितात, निघून जातात. धारेखाली काही धरलं की पाण्याचा आवाज तुटतो आणि सगळं नाट्यगृह कान टवकारतं. केरळचे दिग्दर्शक शंकर वेंकटेश्वरन यांनी ते भारतात बसवलं.

आदिलाबादचा स्वतःचा नाच अगदी दुसऱ्या टोकाचा. दिवाळीत दंडारी नाचाबरोबर निघणारा राजगोंडांचा गुसाडी. मराठी गावांत त्याला घुसाडी म्हणतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे भाग आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले, आणि तिकडेही दिवाळीला घुसाडी निघतच राहिले. मारलावाईचे गुसाडी गुरू कनक राजू यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये, दिवाळी तोंडावर आलेली असताना, ते गेले. त्यांच्या नाचाची चित्रं बघताना सगळ्यांची नजर मोरपिसांच्या टोपावर खिळते. बघावी ती त्याखालची मान. एवढा रुंद टोप डोक्यावर असला की मान हवी तशी झटकून चालत नाही. पाय ढोलाबरोबर जातात, मानेला मात्र आपला वेगळा हिशेब ठेवावा लागतो. ठाटात उभ्या राहिलेल्या मुलीला नेमका हाच हिशेब शिकायचा असतो.

सरावाचा शेवटचा टप्पा वेगाकडे परतण्याचा. संथ लयीत बसलेली हालचाल दुपटीत, मग चौपटीत करायची. वाट तीच ठेवायची, वाटेतलं एकही वळण गाळायचं नाही. ज्यानं घाई करून पहिला टप्पा उरकला असेल त्याचा हात इथं पुन्हा हिसके खातो. मावल्याच्या तलावातला बगळा हा टप्पाही करून दाखवतो. बराच वेळ एका पायावर गेलेला असतो, आणि मग मान सुटते ती डोळ्याला दिसतच नाही. वर्तुळ तेवढं नंतर पसरताना दिसतं.