शहाणा मुलगा रिले पळतो तेव्हा

चार बाय शंभरच्या रिलेत मागे वळून बघायचं नसतं. शाळेत जे कधी पळलेत त्यांना हे पक्कं माहीत असेल. मागचा गडी ठरलेल्या खुणेवर आला की आपण सुटायचं (चुना संपलेला असला की आम्ही खुणेला स्लिपर ठेवायचो), तो ओरडला की हात मागे करायचा आणि बॅटन हातात पडणारच असं धरून पळत राहायचं. तेव्हा त्यासाठी २० मीटरचा पट्टा मिळायचा, २०१८ पासून तो ३० मीटरचा झालाय. तरी बॅटन पडतंच. बीजिंगला २००८ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पुरुषांचं पडलं आणि महिलांचंही. अमेरिकेचं! त्यापुढे आमच्या जिल्हा पातळीवरच्या टीमला काय बोल लावायचा?

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे ‘योंगेन्स’ नावाचा एक डच सिनेमा. अर्थ अगदी साधा, ‘मुलगे’. दिग्दर्शिका मिशा काम्प. २०१४ च्या फेब्रुवारीत हा हॉलंडच्या सरकारी टीव्हीवर लागला, तोही कुमारवयीन मुलांसाठी म्हणून. लोकांना इतका आवडला की नंतर थिएटरमध्येही आला. माझ्यापर्यंत पोचला तो पुढच्या वर्षी, रूममेटच्या हार्ड डिस्कवरून, सबटायटल्स अर्धा सेकंद मागे असलेल्या अवस्थेत. जेमतेम सव्वा तासाचा सिनेमा. मी एका रात्रीत दोनदा बघितला.

गोष्ट अशी. सिगर हा पंधरा वर्षांचा मुलगा. (जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ होतो विजेता, पण सिनेमा त्यावरून काही शहाणपणा करत नाही, हे बरं!) राष्ट्रीय स्पर्धेसाठी त्याची रिलेच्या टीममध्ये निवड होते. तिथे मार्क नावाचा नवा मुलगा भेटतो. प्रॅक्टिस, सायकली, नदीत पोहणं, आणि एका दुपारी पाण्यातच दोघं एकमेकांना किस करतात. लगेच सिगर सांगून टाकतो, मी गे नाहीये. मार्कही म्हणतो, नाहीसच तू, अर्थातच. त्यानंतर सिगर जेसिका नावाच्या मुलीबरोबर फिरायला लागतो आणि मार्कचा चेहरा बघवत नाही. बाकी स्टोरी तुम्ही बघा.

पहिल्यांदा बघताना मी सारखा व्हिलनची वाट बघत होतो. आता कोच यांना पकडणार, आता टीममधली पोरं चिडवणार, आता बाप हात उगारणार. आपल्या डोक्यात असल्या गोष्टींचा एक साचाच तयार असतो ना! इथे तसं काहीच होत नाही. कोणी सिगरला धमकावत नाही, आणि देश कुठला तर हॉलंड. समलिंगी लग्नाला जगात सगळ्यात आधी मान्यता देणारा, १ एप्रिल २००१ पासून. म्हणजे हा मुलगा रांगत असल्यापासून त्याच्या देशाचा कायदा त्याच्या बाजूने आहे. मग तो एवढा घाबरतो कशाला?

उत्तर त्याच्या घरात आहे. आई वारलेली. वडील एकटे दोन मुलांना सांभाळतात. थोरला एडी म्हणजे घरातलं वाया गेलेलं कार्टं, त्याचं आणि वडिलांचं रोज काहीतरी वाजतंय. मोटरसायकल, उशिरा घरी येणं, दारं आपटणं. आणि सिगर? तो शहाणा मुलगा. मधे पडणारा. एकाने घराला पुरेसा ताप दिलाय, आता आपण आणखी कशाला, हे कोणी न सांगताच त्याने स्वतःवर घेतलंय.

इथे मात्र मी पॉज केलं आणि उगाच किचनमध्ये जाऊन पाणी पिऊन आलो.

आमच्या घरात एडी म्हणजे माझा दादा. त्याने इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं, पैसे बुडवले, दोन वर्षं आप्पांशी बोलत नव्हता. त्या काळात मी घरातली सगळी मार्कशीट्स, सर्टिफिकेटं आणि नातेवाईकांचे फोन सांभाळले. सातारला आई लोकांना सांगायची, “धाकट्याची मला काळजी नाही.” हे वाक्य ऐकायला फार छान वाटतं हो. पण त्याला घट्ट धरून ठेवायला किती मेहनत लागते, हे फक्त धाकट्यालाच माहीत.

रिलेत माझा तिसरा टप्पा असायचा आणि चौथ्या टप्प्यावर जो मुलगा उभा असायचा त्याचं नाव मी इथे सांगणार नाही. त्याला यातलं काहीही कधी कळलं नाही. त्याचं लग्न झालंय, मी जेवून आलोय. दोन वर्षं, दिवसातून वीस-पंचवीस वेळा, त्याच्या उघड्या तळव्यात मी बॅटन ठेवलं आणि त्याने एकदाही मागे वळून बघितलं नाही. नियमच होता तो. पंधराव्या वर्षी मला हा नियम फार सोयीचा वाटायचा.

खेळाच्या जागेचं हे एक विचित्रच आहे. गळ्यात हात टाका, उचलून घ्या, पाठीवर लोळा, सगळं चालतं. बोललेलं तेवढं चालत नाही. म्हणून असेल, पण या विषयावरचे चांगले सिनेमे मैदानावर बरेच घडतात. जर्मनीचा ‘झोमरश्टुर्म’ (२००४) वल्हवणाऱ्या टीमच्या कॅम्पमध्ये, सेलीन सियामाचा पहिला फ्रेंच सिनेमा (२००७) सिंक्रोनाइज्ड स्विमिंगच्या तलावात. दोन्ही बघण्यासारखे आहेत, सियामाचा तर कदाचित ‘योंगेन्स’हून सरसच. पण माझा जीव रिलेवर.

आणि वेळही तशी होती. ११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ पुन्हा जिवंत केलं. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि मेसमधल्या टीव्हीवर ती बातमी बघत आमटीभात संपवत होतो. त्यानंतर दोनच महिन्यांत तिकडे टीव्हीवर मुलांसाठी हा सिनेमा दाखवला गेला. ६ सप्टेंबर २०१८ ला ते कलम आपल्याकडेही सैल झालं, आणि २०१९ च्या मे महिन्यात ओडिशाच्या द्युती चंदने आपण एका मुलीसोबत नात्यात असल्याचं जाहीर सांगितलं. आधल्याच वर्षी जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये १०० आणि २०० मीटरमध्ये दोन रौप्यपदकं मिळवलेली धावपटू! तिच्या घरच्यांचा विरोधही तेव्हा सगळ्या देशाने वाचला. कायदा एका दिवसात बदलतो, घराला तारीख नसते.

ऑफिसचं म्हणाल तर आमच्याकडे जूनमध्ये लोगो सप्तरंगी होतो, कपकेक मिळतात. सोमवारी कोणी विचारलं, “वीकेंडला काय केलंस?” की मी अजूनही म्हणतो, “आम्ही लोणावळ्याला गेलो होतो.” मराठीत ‘आम्ही’ फार उपयोगी शब्द आहे. क्रियापदाला गेला की गेली हे ठरवावंच लागत नाही. अशी कसरत करणारे तुमच्या फ्लोअरवरही असतील, लक्ष देऊन ऐका.

सिनेमाच्या शेवटी रिले होते, टीम जिंकते, पण मला लक्षात राहिलं ते नंतरचं. सिगर मोटरसायकल चालवतोय आणि मार्क त्याला धरून मागे बसलाय. ना भाषण, ना मिठ्या मारून रडारड. मोटरसायकल ही एडीच्या जगातली गोष्ट. शहाण्या मुलाला शेवटी वाया गेलेल्या भावाच्याच वाटेवरचं काहीतरी उसनं घ्यावं लागलं, असं मला तरी वाटलं.

गेल्या महिन्यात मी दादाला सिनेमा पाठवला. सोबत एक ओळ लिहिली, “यातला धाकटा म्हणजे मी.” निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर चार दिवस नाही. त्या चार दिवसांत मी तीन रिलीज चुकतमाकत पार पाडले आणि नखं संपवली. पाचव्या दिवशी रात्री मेसेज आला. “बघितला. त्याला म्हणावं गाडी हळू चालव. हेल्मेट कुठंय दोघांचं?”

मग फोन केला त्याने. पाऊण तास बोललो, त्यातला अर्धा तास क्लच प्लेटबद्दल. ठेवताना म्हणाला, आईकडे रविवारी कराडचं एक स्थळ येतंय तुझ्यासाठी, माहितीये ना? मी म्हटलं, माहितीये.

“मी पण येतो शनिवारी,” तो म्हणाला. “सकाळची गाडी धर. मी स्टँडवर घ्यायला येतो.”