किडनीची फाइल जपणाऱ्यांना, हृदयाविषयी

दादा, ताई,



तुमच्या फाइलमधला क्रिएटिनिनचा प्रत्येक आकडा तुम्हाला तोंडपाठ असतो. दिवाळीत 1.8 होतं, उन्हाळ्यात 2.1 झालं, आता 2.4. ओपीडीबाहेरच्या बाकावर शेजारी येऊन बसणारा नवा पेशंटही आधी हेच विचारतो, ‘तुमचं किती?’ डायलिसिस अजून किती लांब आहे, याचा अंदाज त्या आकड्यावरून बांधत तुम्ही दिवस काढता. ही धास्ती समजण्यासारखी आहे. पण हे पत्र त्या बाकावर सहसा निघत नाही अशा विषयावर आहे. जुनाट किडनीविकार असलेल्या बहुतेकांवर डायलिसिसची वेळ येतच नाही. डायलिसिसपेक्षा हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका त्यांना जास्त असतो.

किडनी आणि हृदयाच्या या नात्याची ओळख जुनी आहे. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी 1836 साली किडनीच्या रुग्णांची माहिती मांडली, तेव्हाच त्यांतल्या अनेकांचं हृदय वाढलेलं असल्याची नोंद त्यांनी केली होती. 2004 मध्ये अमेरिकेतल्या 11 लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे तुमच्या रिपोर्टवरचा ईजीएफआर, 60 च्या खाली जसजशी उतरते तसतसा हृदयाचा धोका पायरीपायरीने चढतो, हे त्यातून दिसलं. ईजीएफआर 45 ते 59 असलेल्यांना हृदय-रक्तवाहिन्यांच्या गंभीर आजाराचा धोका सुमारे दीडपट होता, 15 च्या खाली गेलेल्यांना तिपटीहून जास्त.

कारण सरळ आहे. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो. त्या थकल्या की मीठ आणि पाणी अंगात साठतं, बीपी चढतं आणि त्या दाबाविरुद्ध पंप करून करून हृदयाची भिंत जाड होते. रक्त कमी झालं की हृदयाला आणखी जोर लावावा लागतो. फॉस्फरस वाढला की रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या कडक होतात. कोलेस्टेरॉल नॉर्मल असलं तरी हे सगळं चालूच राहतं. हृदयाचा धोका मोजण्याच्या जुन्या सूत्रांत वय, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, धूम्रपान होतं, किडनी नव्हती. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2023 मध्ये आणलेल्या ‘प्रिव्हेंट’ सूत्रात ईजीएफआरला जागा मिळाली.

म्हणून पहिली विनंती एका साध्या तपासणीची. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण तुमच्या फाइलमध्ये आहे का, ते पाहा. ते 30 च्या वर असेल तर ईजीएफआर बरा असला तरी हृदयाचा धोका वाढलेला असतो. अनेकांच्या फाइलमध्ये क्रिएटिनिनचे पंधरा रिपोर्ट सापडतात आणि हा एकही नसतो.

दुसरी गोष्ट हृदयाच्या तपासण्यांची. त्या तुमच्या बाबतीत वेगळ्या नजरेने वाचाव्या लागतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिनचंच घ्या. रात्री अस्वस्थ वाटलं, कॅज्युअल्टीत नेलं, रक्त घेतलं आणि रिपोर्टवर ट्रोपोनिनपुढे ठळक अक्षरांत ‘हाय’ आलं. इथे दोन चुका होतात. एक, हार्ट अटॅकच आहे असं धरून धावपळ सुरू होते. दुसरी जास्त घातक: ‘किडनीवाल्यांचं वाढलेलंच असतं’ म्हणून रिपोर्ट बाजूला पडतो. किडनीच्या अनेक रुग्णांचं ट्रोपोनिन एरवीही वाढलेलं असतं, हे खरं. म्हणूनच एका आकड्यावर निकाल देता येत नाही. काही तासांच्या अंतराने तपासणी पुन्हा करायची आणि आकडा हलतोय का ते पाहायचं. हार्ट अटॅकमध्ये तो वर जातो, मग उतरतो. जुनाट वाढ असेल तर तो साधारण तिथल्या तिथेच राहतो. पण नुसती स्थिर वाढही दुर्लक्ष करण्यासारखी नाही, कारण तिच्यातून हृदयावरचा दीर्घकाळचा ताण कळतो. आधीचा एखादा रिपोर्ट हाताशी असला तर रात्रीच्या डॉक्टरांचं काम फार सोपं होतं. ईसीजीचंही तसंच. हृदयाची भिंत जाड असली की पट्टी कायमच वेगळी दिसते, म्हणून जुनी पट्टी जपून ठेवा. ती कागदावर फिकी पडते, म्हणून मोबाइलवर फोटोही काढून घ्या.

टू-डी एको करायचा असेल तर दिवस विचारून घ्या. डायलिसिसवर असलेल्यांच्या अंगात दोन-तीन दिवसांचं पाणी साठलेलं असताना एको केला, तर हृदय आहे त्यापेक्षा मोठं आणि थकलेलं दिसू शकतं. वजन ड्राय वेटला, म्हणजे साठलेलं पाणी काढल्यानंतरच्या वजनाला आलेलं असताना, दोन डायलिसिसच्या मधल्या दिवशी केलेला एको खरं चित्र देतो.

टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालून होणारी तपासणी, तुमच्यापैकी अनेकांना पूर्ण करताच येत नाही. पाय थकतात, दम लागतो आणि ईसीजी आधीच बदललेला असल्याने निष्कर्षही धूसर राहतो. अशा वेळी औषध देऊन केलेला स्ट्रेस एको किंवा न्यूक्लिअर स्कॅन हे पर्याय असतात. तेही शंभर टक्के खात्रीचे नाहीत, हे ध्यानात ठेवूनच रिपोर्ट वाचावा.

आता अँजिओग्राफी. काही त्रास नसताना ‘एकदा बघून टाकू’ म्हणून ती करून घेण्याचा आग्रह घरचेही धरतात. 2020 मध्ये ‘इस्केमिया-सीकेडी’ चाचणीचे निष्कर्ष आले. भारतासह 30 देशांतले, किडनीचा आजार खूप पुढे गेलेले 777 रुग्ण त्यात होते आणि सगळ्यांच्या स्ट्रेस टेस्टमध्ये दोष होता. अर्ध्यांना औषधांसोबत अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास दिलं, अर्ध्यांना आधी फक्त औषधं. तीन वर्षांच्या हिशेबात मृत्यू किंवा हार्ट अटॅकचं प्रमाण दोन्हीकडे 36 टक्क्यांच्या आसपासच राहिलं. पक्षाघात मात्र अँजिओग्राफीच्या गटात जास्त झाले.

याचा उलटा अर्थ कृपा करून काढू नका. नुकताच हार्ट अटॅक आलेले, हृदय फार दुबळं झालेले किंवा छातीचं दुखणं औषधांना न जुमानणारे रुग्ण या चाचणीत नव्हते. अटॅक आला असताना ‘अँजिओत सोडतात त्या डायने किडनी जाईल’ या भीतीने अँजिओ टाळणं म्हणजे किडनी वाचवण्यासाठी जीव पणाला लावणं. डाय कमीत कमी वापरता येतो, आधी तयारी करता येते. तो निर्णय किडनीच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी मिळून, तुमच्यादेखत घ्यावा, असा हट्ट धरा.

आणि छातीत कळ येण्याची वाट पाहू नका. किडनीविकारात, त्यातही मधुमेह सोबत असेल तर, हार्ट अटॅक कळेविना येऊ शकतो. आडवं पडलं की धाप लागणं, कारण नसताना दरदरून घाम येणं, काल चढलेला जिना आज न चढवणं, डायलिसिस चालू असताना पुन्हा पुन्हा बीपी पडणं, हे लगेच सांगायचं.

उपायही पुष्कळ आहेत. 2011 च्या ‘शार्प’ चाचणीत 9 हजारांहून अधिक किडनी-रुग्णांवर कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचा प्रयोग झाला, त्यात रक्तवाहिन्या तुंबून होणारे मोठे आजार 17 टक्क्यांनी कमी झाले. डायलिसिस सुरू झाल्यावर ही गोळी नव्याने सुरू करून तेवढा लाभ दिसत नाही, म्हणून ती वेळेत सुरू व्हायला हवी. डायलिसिसआधीपासून चालू असेल तर आपल्या मनाने सोडू नये. 2020 च्या दुसऱ्या एका चाचणीत डापाग्लिफ्लोझिन या गोळीने, मधुमेह नसलेल्या रुग्णांनाही धरून, किडनीची घसरण मंदावली आणि मृत्यूही कमी झाले. आपल्याकडे आता ती अनेक कंपन्यांची आणि पूर्वीपेक्षा बरीच स्वस्त मिळते. ती तुम्हाला चालेल का, एवढं डॉक्टरांना विचारा.

मीठ दिवसाला एका लहान चमच्याच्या आत ठेवा. लोणचं, पापड आणि फरसाणातलंही त्यातच मोजा. मात्र दुकानातलं ‘लो सोडियम’ मीठ विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि ते चढलं तर हृदय थांबू शकतं. तंबाखू, मिश्री, विडी आजच सोडा. डायलिसिसची पाळी चुकवू नका. दोन डायलिसिसमधल्या मोठ्या खंडानंतरचा दिवस हृदयासाठी सर्वांत धोक्याचा असतो, हे 2011 च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं आहे. आपल्याकडे आठवड्यात दोनच पाळ्या घेणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी तर एक पाळी चुकवणंही महागात पडतं.

पुढच्या तारखेला जाल तेव्हा क्रिएटिनिन जरूर विचारा. पण त्याच खुर्चीत बसून आणखी एक प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका: ‘डॉक्टर, माझ्या हृदयाचं काय?’

आपली हितचिंतक