वैनगंगेकाठून सागराकडे

बालाघाट समुद्रापासून शेकडो मैल दूर. किनाऱ्यावरील आमचे बंधू नारळी पौर्णिमेस सागराला श्रीफळ अर्पण करतात. आमची पूजा वैनगंगेच्या घाटावरच संपते. तथापि हीच वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत विलीन होते आणि गोदावरी पूर्वसमुद्राला मिळते. आमच्या घाटावरचे पाणी अखेर सागराचेच.

नदीला जी वाट मोकळी आहे ती घरच्या कन्येला असावी की नाही, हा प्रश्न यंदा आमच्यापुढे उभा राहिला. आमच्या पुतणीने समुद्रविज्ञान शिकण्याचा मनोदय सांगितला. देवळाच्या सभामंडपात वडीलधाऱ्यांनी विचारले : मुलीच्या जातीने महिनोन्महिने जहाजावर राहायचे काय? आणि एवढे शिकून पुढे चरितार्थाचे काय?

समुद्रगमन कलिवर्ज्य मानून परदेशाहून परतलेल्यांना प्रायश्चित्त देण्याचा काळ आपल्या समाजाने पाहिला व मागे टाकला. व्यवहाराचा प्रश्न मात्र खरा होता. त्याचे उत्तर आम्हांस डॉ. अदिती पंत यांच्या चरित्रात सापडले.

त्यांचा जन्म १९४३ साली नागपुरास, म्हणजे आमच्यासारख्याच समुद्र नसलेल्या मुलखात झाला. अ‍ॅलिस्टर हार्डी यांच्या ‘द ओपन सी’ या ग्रंथाने त्यांना सागराची ओढ लावली. पुणे विद्यापीठाची पदवी घेऊन त्या हवाई विद्यापीठात गेल्या, पुढे लंडन विद्यापीठाच्या डॉक्टरेट झाल्या आणि गोव्यास दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाल्या. सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या सूक्ष्म सागरी वनस्पती हा त्यांचा विषय. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे हे जीव समुद्रातील अन्नसाखळीचा पाया होत. १९८३–८४ च्या तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेत त्या व भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून तेथे गेलेल्या पहिल्या स्त्रीशास्त्रज्ञ ठरल्या. ‘दक्षिण गंगोत्री’ हे आपले पहिले ठाणे त्याच मोहिमेत उभे राहिले. पाचव्या मोहिमेतही त्या गेल्या. उत्तरायुष्यात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यांनी काम केले.

या संस्थेचे कार्य बालाघाटकरांना परके नाही. भरवेलीच्या खाणीतील मँगनीज हे आमच्या जिल्ह्याचे वैभव. तेच मँगनीज हिंदी महासागराच्या तळाशी गोट्यांच्या रूपाने पसरलेले आहे. २६ जानेवारी १९८१ रोजी याच संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने ते गोटे प्रथम वर काढले.

“पंतबाईंचे वडील राजदूत होते, आपण कोण?” असे एका वृद्ध आप्तांनी म्हटले. आक्षेप रास्त आहे. परंतु हवाईचे शिक्षण त्यांना शिष्यवृत्तीनेच घडले, आणि शिष्यवृत्ती घराण्याकडे पाहून नव्हे, गुणांकडे पाहून मिळते.

वियोगाचे दुःख आम्हांस होईलच. घरची पोर दूर समुद्रावर असता वादळाची वार्ता ऐकणे सोपे नाही. तरीही तिच्या प्रवेशअर्जावर आम्ही सही केली. ज्या वाचकांच्या घरी हाच प्रश्न उद्या येईल, त्यांनी मुलीला ‘नको’ म्हणण्यापूर्वी हे चरित्र एकदा डोळ्यांखालून घालावे, एवढीच विनंती.