मिस्त्रींचे न लिहिलेले तास

जानेवारीतल्या एका रात्री आमच्या तळघरातली, घर गरम ठेवणारी गॅसची फर्नेस बंद पडली. बाहेर टोरांटोचा पारा उणे 18. मी फोन लावला तो ओळखीच्या, साताऱ्याकडच्या एका मिस्त्रींना. पंधरा वर्षं एसी आणि कोल्ड स्टोरेजची कामं केलेला माणूस; नुसत्या आवाजावरून कॉम्प्रेसरचं दुखणं ओळखतात. ते म्हणाले, "ताई, गॅसला मी हात लावणार नाही. माझ्याकडे लायसन्स नाही."

मला रागच आला. मग रात्री दोनला लायसन्सवाला आला. त्यानं हीट एक्स्चेंजरला गेलेला तडा दाखवला, लाल टॅग बांधला आणि फर्नेस बंदच ठेवली. अशा तड्यातून कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो. त्याला ना वास, ना रंग. 2008च्या डिसेंबरात ऑन्टारिओतल्याच वुडस्टॉक शहरात हॉकिन्स कुटुंबातले आईवडील आणि दोन्ही मुलं या वायूनं गेली. गॅसच्या शेकोटीचं धुराडं तुंबलं होतं. 2013 साली त्यांच्या नावानं कायदा झाला आणि पुढे इंधनावर चालणारी उपकरणं असलेल्या घरांत त्या वायूचा अलार्म सक्तीचा झाला. मिस्त्रींचं 'नाही' बरोबर होतं.

गॅसचं लायसन्स ऑन्टारिओ प्रांतात टीएसएसए ही तांत्रिक सुरक्षेची संस्था देते. त्याच्या पायऱ्या आहेत: जी3वाल्यानं देखरेखीखालीच काम करायचं; जी2वाल्याला ताशी 4 लाख बीटीयूपर्यंतची उपकरणं स्वतंत्रपणे हाताळता येतात. एसी-रेफ्रिजरेशनचा परवाना निराळा, 313ए. त्याची उमेदवारी सुमारे 9000 तासांची, म्हणजे पाचेक वर्षांची.

ती उमेदवारी पुन्हा पहिल्यापासून करायलाच हवी असं मात्र नाही. परदेशातलं काम 'स्किल्ड ट्रेड्स ऑन्टारिओ' तपासते आणि ते मान्य झालं की परीक्षेला बसता येतं. पण कुठे, कोणतं काम, किती तास केलं, याचा पुरावा लागतो. गावाकडे मिस्त्रींचा पगार रोख, हजेरी मालकाच्या वहीत. एक मालक वारले, एक दुकान मोडलं. एवढा कसबी माणूस आज गोदामात खोकी उचलतो, हे मला सहन होत नाही. गावाकडच्या दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे: पोरगं काम सोडून निघालं की त्याला तारखा आणि कामाचं वर्णन घालून, सहीशिक्क्याचं पत्र द्या.

त्या वारलेल्या मालकांच्या मुलानं गेल्या आठवड्यात जुनी वही शोधून, तिच्यावरून चार वर्षांचं पत्र पाठवलं. मिस्त्री आणि मी स्वयंपाकघरात बसून त्यातले तास मोजले. उरलेल्या अकरा वर्षांसाठी अजून फोन चालू आहेत.